दहा बुड्यांची स्मरणशक्ती

आमच्या बंदराबाहेरचा समुद्र बारा मीटर खोल आहे. निदान बंदरातल्या बायकांना तसं सांगण्यात आलेलं होतं.

सुरुवात झाली नऊ वर्षांपूर्वी. नेल्सीचा भाऊ रुसेल तळाची शेवंडं, म्हणजे लॉबस्टर, काढून वर आला, होडीच्या काठावर बसला, सिगारेट मागितली, आणि ती पेटेपर्यंत त्याचे पाय गेले. खोल पाण्यात जास्त वेळ काढून वर आलं की असं होतं; आमच्याकडे याला ‘दाब लागणं’ म्हणतात. पुढं तो दोन काठ्यांवर चालू लागला, आणि जो दोन काठ्यांवर चालतो त्याला आमच्यात नशीबवान समजतात. त्या रात्री इस्पितळाच्या व्हरांड्यात डॉक्टर म्हणाला की दहा-बारा मीटरवर काम केलं तर धोका फारसा नसतो. नेल्सीनं तिथंच नवऱ्याकडून, एलादियो चुक याच्याकडून, शब्द घेतला की तो बाराच्या खाली उतरणार नाही. दुसऱ्या दिवशी एलादियोचा भागीदार विल्बेर पेच यानंही आपल्या बायकोला तोच आकडा सांगितला. आठवडाभरात सगळं बंदर बारा मीटरवर आलं. शेवंडं मात्र पूर्वीइतकीच येत राहिली. बारा मीटरवर शेवंड राहत नाही, ही माहिती कुणाच्या बायकोला कुणी दिली नाही.

एलादियो एक्कावन्न वर्षांचा. त्यातली सत्तावीस वर्षं त्यानं कॉम्प्रेसरच्या नळीवर काढली. होडीत इंजिनाला जोडलेला कॉम्प्रेसर, त्याला हवेची शंभर मीटरची पिवळी नळी, नळीच्या टोकाला दातांत धरायचा रबराचा तुकडा. बाकी उपकरण म्हणजे पोटातली भूक. मागच्या वर्षापासून त्याचा डावा खांदा कुरकुरायला लागला होता. रुसेलचाही आधी खांदाच कुरकुरत होता, हे एलादियोला आठवत होतं आणि नेल्सीला आठवू नये अशी त्याची इच्छा होती.

अशात खडकांवर पर्यटकांना बुड्या मारायला नेणारी एक कंपनी बंदरात आली. तिला एक वाटाड्या हवा होता. अटी दोन: पाठीवर सिलिंडर घेऊन बुडी मारण्याच्या शिक्षणाचं कार्ड, आणि स्वतःचा डायव्ह कॉम्प्युटर, म्हणजे खोली आणि वेळ मोजणारं मनगटी यंत्र. एक मार्चला मॅनेजर दोन्ही स्वतः तपासणार. शेवंडांचा मोसम फेब्रुवारीअखेर संपतो, तेव्हा तारीखही सोयीची होती. एलादियोनं कोर्स केला. एका हॉटेलच्या तलावात चोवीस वर्षांच्या मुलीनं त्याला पाण्याखाली श्वास कसा घ्यायचा ते शिकवलं आणि तिसऱ्या दिवशी शाबासकी दिली. कार्डावर लिहून आलं: नवशिका, अठरा मीटरपर्यंत.

नेल्सी कार्ड हातात धरून म्हणाली, “नऊ वर्षं तू शब्द पाळलास, म्हणून मी हो म्हणतेय. पाळला नसतास तर नळी काय, सिलिंडर काय, पायाचा अंगठासुद्धा पाण्यात घालू दिला नसता.”

म्हणजे नळीतून सुटायचा एकच रस्ता होता, आणि तो एका न पाळलेल्या शब्दावरून जात होता. एलादियोनं हे आपल्यापुरतं ठेवलं. कोर्सच्या पुस्तकात कॉम्प्युटरविषयी वाचेपर्यंत त्याला त्यात अडचणही दिसली नव्हती.

विल्बेरच्या अंगणात कॉम्प्रेसर उघडून ठेवला होता. आजूबाजूला चार-पाच पाणबुडे बसले होते, त्यांतले दोघं कामाला मदत करत होते आणि बाकीचे कामाला सल्ला देत होते.

“ते यंत्र लक्षात ठेवतं का?” विल्बेरनं विचारलं.

“काय?”

“किती खोल गेलास ते.”

“पुस्तकात तसं लिहिलंय. किती खोल, किती वेळ, कुठल्या तारखेला.”

विल्बेरनं पाना खाली ठेवला. “मग ते घड्याळ नाही, कोंपाद्रे. ती सासू आहे.” विल्बेर एलादियोच्या मुलीच्या बाप्तिस्म्याला धर्मपिता झाला, तेव्हापासून दोघं एकमेकांना कोंपाद्रे म्हणतात आणि त्या नात्यानं वाटेल ते बोलतात.

“मी ते कंपनीसाठी घेतोय. तुमचा काय संबंध?”

“समुद्र एकच आहे ना? तुझा वीस मीटर निघाला की आमचा बारा कसा राहील? तुझी नेल्सी माझ्या बायकोला सांगणार, माझी बायको सगळ्या जगाला.”

“वीस कशाला निघेल? कंपनीच्या बुड्या उथळ असतात.”

“अजून दीड महिना मोसम आहे. तू ते घरी ठेवणारेस? नवीन हत्यार?”

कुणी हसलं नाही, कारण प्रश्न बरोबर होता. आमच्याकडे नवीन चाकू आधी मासा कापतो, नवीन इंजिन आधी नांगर ओढतं. कामाला लावल्याशिवाय कशावरही विश्वास ठेवायची पद्धत नाही. शिवाय एलादियोला स्वतःलाही एक गोष्ट जाणून घ्यायची होती. सत्तावीस वर्षांत तो नक्की किती खोल जातो, हे त्याला कुणी मोजून सांगितलेलं नव्हतं.

“विसरणारं घे,” विल्बेर शेवटी म्हणाला. “बाजारात सगळं मिळतं. विसरणारंही असेल.”

मेरिदा शहरातल्या दुकानात नेल्सी बरोबर आली. तिला वस्तूंबरोबर येणारी माहितीपुस्तकं वाचायची सवय होती. वॉशिंग मशीनचं पुस्तक तिला तोंडपाठ होतं आणि शेजारच्या तीन घरांतली मशीनं तिनं फक्त वाचून दाखवून दुरुस्त केली होती.

विक्रेतीनं काचेवर तीन कॉम्प्युटर मांडले. पहिल्याचे आकडे ठळक आणि रंगीत होते. “हा दोनशे बुड्या साठवतो,” ती म्हणाली. “फोनला जोडला की सगळा आलेख दिसतो. घरच्यांनाही बघता येतं.”

“छान आहे,” नेल्सी म्हणाली.

“नको,” एलादियो म्हणाला.

“का?”

“मोठा आहे.”

“आकडे मोठे आहेत. चष्म्याशिवाय तुला भाकरी आणि बशी वेगळी दिसत नाही.”

“पाण्यात सगळं मोठंच दिसतं.”

दुसरा शंभर बुड्या साठवणारा होता. एलादियोनं तो हातातसुद्धा घेतला नाही. तिसरा करडा, दोन बटणांचा, आकडे मुंगीएवढे. विक्रेती त्याच्याविषयी जरा ओशाळून बोलली. “हे जुनं मॉडेल. स्वभावानं कडक आहे, मिनिटं कमी देतं. आणि याला फक्त शेवटच्या दहा बुड्या आठवतात. अकरावी झाली की पहिली जाते.”

एलादियो पहिल्यांदाच काचेवर वाकला. “जाते म्हणजे? कायमची?”

“कायमची.”

“कारखान्यात पाठवून परत काढता येत नाही?”

“नाही.”

“पोलिसांनासुद्धा?”

विक्रेतीनं नेल्सीकडे पाहिलं. “सेन्योर, तुम्ही नक्की कुठं बुड्या मारणार आहात?”

“बारा मीटरवर,” नेल्सीनं सांगितलं.

“मग काही काळजी नाही. बारा मीटरला हे कडक यंत्रसुद्धा दोन तास देईल. तेवढ्यासाठी खरं म्हणजे कुठलंही चालेल. पण माझं ऐकाल तर पहिला घ्या. पहिला कॉम्प्युटर घेताना लोक एकच चूक करतात. वाचता न येणारा घेतात.”

“हाच द्या,” एलादियो म्हणाला.

“त्याचं मनगट, त्याचे डोळे,” नेल्सी म्हणाली, आणि माहितीपुस्तक पिशवीत टाकण्याआधी पहिली दोन पानं तिथंच वाचून काढली.

रविवारी समुद्र शांत होता. एलादियोनं कॉम्प्युटर बाहीखाली बांधला आणि विल्बेरच्या दोरीला धरून उतरला. या दोरीविषयी इथं सांगायला हवं. ती विल्बेरच्या बापानं, कॅप्टन फुलहेन्सियोनं, चाळीस वर्षांपूर्वी मापली होती. दर वावेला एक गाठ. दोन्ही हात पसरले की एका बोटाच्या टोकापासून दुसऱ्यापर्यंतचं अंतर म्हणजे वाव. शाळेच्या पुस्तकाप्रमाणं एक मीटर सदुसष्ट सेंटिमीटर. शेवंडांची जागा तेराव्या गाठीला होती. तेरा गुणिले एक पूर्णांक सदुसष्ट, म्हणजे साधारण बावीस. पुरुष आपसांत ते वीस धरत. बायकांना बारा सांगायचं आणि स्वतः वीस मानायचं, असा दोन पदरी हिशेब नऊ वर्षं बिनतक्रार चालला होता.

तेराव्या गाठीला एलादियोनं मनगट डोळ्यांजवळ आणलं, मग लांब नेलं, मग मधे कुठंतरी धरलं. आकडा होता २७.४.

त्याला वाटलं दशांशचिन्ह चुकीच्या जागी आहे. त्यानं ते बराच वेळ शोधलं. मग खालचा आकडा पाहिला: या खोलीवर राहायला अठरा मिनिटं. तो रोज तिथं चाळीस मिनिटं राहत असे, आणि दिवसातून सहा वेळा. सतराव्या मिनिटाला यंत्र किरकिरायला लागलं आणि एलादियो सत्तावीस वर्षांत पहिल्यांदा पिशवी अर्धी असताना वर निघाला.

“काय झालं?” विल्बेरनं विचारलं. “नळी फुटली?”

“नाही.”

“मग?”

“यंत्र ओरडलं.”

“माझी बायको रोज ओरडते, मी कधी वर आलो?”

एलादियोनं कॉम्प्युटर काढून जेवणाच्या डब्यात ठेवला आणि उरलेल्या पाच बुड्या त्याच्याशिवाय मारल्या. आकडा त्यानं विल्बेरला सांगितला नाही. विल्बेरला तो बापाचा अपमान वाटला असता.

सोमवारी उत्तरेचा वारा सुटला आणि होड्या बंदरातच राहिल्या. एलादियोला हे बरं पडलं. यंत्रात एक बुडी होती. दहा नव्या बुड्या झाल्या की ती बाहेर पडणार होती. सकाळी अकराला तो धक्क्याच्या शिडीवरून अडीच मीटर पाण्यात उतरला, हातात दगड धरून, श्वास रोखून तळाला दोन मिनिटं बसला आणि वर आला. पण यंत्राचं एक म्हणणं होतं: दोन बुड्यांमध्ये दहा मिनिटं गेली नाहीत तर ती एकच बुडी. त्यामुळं त्याला प्रत्येक वेळी शिडीला धरून, मानेपर्यंत पाण्यात, वाऱ्यात दहा मिनिटं थांबावं लागत होतं. धक्क्यावरून जाणारे थांबून बघत होते. तिसऱ्या बुडीनंतर एकानं विचारलं, काही हरवलंय का. चौथ्या बुडीनंतर दुसऱ्यानं सांगितलं की काही हरवलं असेल तर ते एव्हाना वाहून गेलं असणार.

सोमवारी आमच्याकडे घरोघरी काळा घेवडा आणि डुकराचं मटण शिजतं. त्या जेवणाला घरी न येणारा माणूस एक तर इस्पितळात असतो किंवा दुसऱ्या बाईकडे. बारा वाजून गेल्यावर नेल्सी शोधायला निघाली. एलादियो तिला धक्क्याच्या शिडीवर सापडला, ओठ निळे पडलेले, नजर मनगटावर.

“हे काय चाललंय?”

“सराव.”

“अडीच मीटरवर?”

“नवशिका आहे मी. कार्डावर लिहिलंय.”

नेल्सी धक्क्यावर बसली. यंत्राला काही झालंय की नवऱ्याला, हे आधी ठरवायला हवं होतं. तिनं पिशवीतून माहितीपुस्तक काढलं आणि मोठ्यानं वाचायला लागली. एलादियो सातव्या बुडीला खाली गेला आणि वर आला तेव्हा ती सदतिसाव्या पानावर होती.

“‘एकूण नोंद,’” ती वाचत होती. “‘या पानावर आजवरच्या बुड्यांची संख्या, पाण्यातला एकूण वेळ आणि आजवरची सर्वांत जास्त खोली दिसते. ही माहिती पुसता येत नाही.’ बघ, हे चांगलं आहे. दुकानातली उगाच नावं ठेवत होती. हात दे.”

एलादियोनं हात दिला नाही.

“अरे, हात दे. डावं बटण दोनदा, उजवं दाबून धरायचं.”

त्यानं उजवा हात दिला. कॉम्प्युटर डाव्या हातावर होता. नेल्सीनं वाकून डावा हात पाण्यातून बाहेर ओढला, पुस्तकात लिहिल्याप्रमाणं डावं बटण दोनदा दाबलं, उजवं दाबून धरलं, आणि वाचलं. तिचे डोळे चांगले होते. दशांशचिन्ह तिला लगेच सापडलं.

“सत्तावीस पूर्णांक चार,” ती म्हणाली. “हे काय आहे?”

“वीस असायला हवं होतं.”

नऊ वर्षांतलं हे त्याचं पहिलं खरं वाक्य, आणि ते निघालं या जागी.

“म्हणजे बारा नाहीच.”

“नाही.”

“कधी होतं?”

एलादियोनं प्रामाणिकपणे आठवून पाहिलं. “रुसेलचं झाल्यावर. दोन आठवडे.”

“आणि विल्बेर?”

“त्याच्याच दोरीला धरून जातो मी.”

नेल्सीनं पुस्तक मिटलं. “वर ये.”

“अजून तीन बुड्या राहिल्यात,” एलादियो सवयीनं बोलून गेला.

तिनं त्याच्या मनगटावरून कॉम्प्युटर सोडवला, स्वतःच्या मनगटावर बांधला आणि घरी निघून गेली. घेवडा त्याला त्या दिवशी मिळाला, पण थंड.

संध्याकाळपर्यंत बंदरातल्या प्रत्येक घरात खोली विचारण्यात आली. रात्रीच्या जेवणाआधी विल्बेर एलादियोच्या दारात उभा होता, खांद्यावर बापाची दोरी.

“यंत्र बिघडलंय तुझं,” तो म्हणाला. “ही दोरी चाळीस वर्षं आहे. माझ्या बापानं मापलीय.”

नेल्सीनं शिवणकामाचा टेप आणला. एका गाठीपासून दुसरीपर्यंत दोन मीटर अकरा सेंटिमीटर भरले. तिनं दुसऱ्या दोन गाठी मोजल्या. तेच. तेव्हा सगळ्यांना एकदम आठवलं की कॅप्टन फुलहेन्सियो दारातून आत येताना वाकत असे, त्याच्या शवपेटीला सुतारानं जास्तीची फळी लावली होती, आणि त्याचे हात पसरले की होडीची रुंदी भरत असे. पुस्तकातली वाव पुस्तकातल्या माणसाची होती. दोरीवरची वाव फुलहेन्सियोची.

विल्बेर खुर्चीवर बसला. “म्हणजे आम्हालाही कुणी खरं सांगितलं नाही,” तो म्हणाला. त्याच्या आवाजात खरोखरीचं दुःख होतं.

“तुम्हाला दोरीनं फसवलं आणि आम्हाला तुम्ही,” नेल्सी म्हणाली. “दोरी मापणारा मेला तरी आहे.”

विल्बेरनं दोरी तिथंच सोडली. पुढच्या आठवड्यात बऱ्याच होड्यांवर नव्या गाठी आल्या. कुणी नवव्या गाठीला थांबू लागला, कुणी अकराव्या. दोघं पूर्वीच्याच ठिकाणी जात राहिले आणि बायकांशी अबोला धरून बसले. त्या मोसमात शेवंडं कमी आली. व्यापाऱ्यांना कारण थंडी असं सांगण्यात आलं.

एलादियो सहा आठवडे जमिनीवर होता. तो रुसेलबरोबर बसून जाळी विणायचा. कंपनीच्या नोकरीबद्दल नेल्सी हो म्हणाली नाही आणि नाहीही म्हणाली नाही. कॉम्प्युटर तिच्या मनगटावर होता. ती तो घालून कपडे धुवायची, चर्चला जायची, वेळ बघायची. एकदा त्यानं विचारलं, “एक तारखेचं काय?” ती म्हणाली, “तुझा खांदा कसा आहे?” तो म्हणाला, “दुखतो.” त्यावर तिनं पहिल्यांदाच त्याच्याकडे जरा बऱ्या नजरेनं पाहिलं. यापूर्वी विचारलं की तो नाही म्हणत असे.

एक मार्चला सकाळी ती चांगला पोशाख घालून दारात उभी होती. “चल,” एवढंच म्हणाली.

कंपनीची मॅनेजर माउरा ओचोआ दुसऱ्या किनाऱ्यावरून आलेली, पस्तिशीची, झटपट काम उरकणारी बाई होती. तिनं कार्ड पाहिलं आणि बाजूला ठेवलं. मग कॉम्प्युटर मागितला. नेल्सीनं तो मनगटावरून काढून टेबलावर ठेवला. माउराला ते मॉडेल ठाऊक होतं. तिला पुस्तक लागलं नाही. डावं बटण दोनदा, उजवं दाबून.

“आठ बुड्या,” ती म्हणाली. मग खालचा आकडा वाचला. “सत्तावीस पूर्णांक चार? सेन्योर चुक, तुमचं कार्ड अठरा मीटरचं आहे. या बुड्या तुमच्या असतील तर मी तुम्हाला घेऊ शकत नाही. नियम आहे.”

एलादियोनं खरं सांगायला तोंड उघडलं. सहा आठवड्यांत त्याला त्याची थोडी सवय झाली होती.

“सेकंडहँड आहे,” नेल्सी म्हणाली.

माउरानं एकेक बुडी उघडून पाहिली. “जानेवारीतल्या आहेत. एक सत्तावीसला, आणि दुसऱ्या दिवशी लागोपाठ सात, अडीच मीटरवर. दोन-दोन मिनिटांच्या.” तिनं मान वर केली. “असं कोण करतं?”

“आम्हालाही कळलं नाही,” नेल्सी म्हणाली.

“ओळखीचा होता का हा माणूस?”

“होता. जरा चक्रम. बायकोशी खोटं बोलायचा.”

“अजून उतरतो असा?”

“नाही. दीड महिना झाला, सोडलं त्यानं.”

“बरं झालं,” माउरा म्हणाली. “असे जास्त टिकत नाहीत.” मग एलादियोकडे वळून: “तुमच्या बुड्या कुठं आहेत? कोर्सनंतरच्या?”

“नाहीत,” एलादियो म्हणाला. हे खरं होतं.

“मग पहिले दोन महिने माझ्या दुसऱ्या वाटाड्याबरोबर, बारा मीटरपर्यंत. चालेल?”

एलादियोनं बायकोकडे पाहिलं. नेल्सी खिडकीबाहेर बघत होती.

“चालेल,” तो म्हणाला.

माउरानं फॉर्मवर कॉम्प्युटरचा क्रमांक उतरवला, त्यापुढं ‘वापरलेला, चालू स्थितीत’ असं लिहिलं आणि फॉर्म सहीसाठी पुढं सरकवला. नेल्सीनं तेवढ्यात कॉम्प्युटर उचलून नवऱ्याच्या मनगटावर बांधला होता. पट्टा तिनं एक भोक जास्तच आवळला असावा, कारण एलादियोची बोटं सही करताना नीट वळत नव्हती.